कारखान्यासाठी वीज आणि गॅस बाजारातून: एक्सचेंजचा भाव आणि दारातला भाव

"साहेब, मोबाइलवर बघितलं, दुपारी बाजारात युनिट साडेतीनला सुटलंय. मग आमच्याच बिलात नऊ कशाला?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीवाल्या शेठनी. मी वीज अभियंता. कारखान्यांची ऊर्जेची बिलं तपासणं, कुठून वीज घेतली तर परवडेल याचा हिशोब मांडणं, हे माझं काम. तेव्हापासून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत शंभरदा ऐकलाय. शेठचं म्हणणं खोटं नव्हतं: भारतात विजेचा खुला बाजार आहे, २०२० पासून नैसर्गिक गॅसचाही आहे, आणि दोन्हीकडचे भाव रोज जाहीर होतात. पण तो भाव आणि कारखान्याच्या मीटरवरचा भाव यांच्या मधे एक वाट आहे. त्या वाटेवर तार कुणाची, पाइप कुणाचा आणि टोल किती, यावर तुमचा फायदा-तोटा ठरतो. या लेखात ती वाट बघूया. आधी वीज, मग गॅस.

ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे काय?

वीज कायदा २००३ यायच्या आधी हिशोब सोपा होता. राज्याचं वीज मंडळच वीज बनवायचं, तेच वाहून आणायचं आणि तेच बिल द्यायचं. नव्या कायद्यानं हे तीन धंदे वेगळे केले: निर्मिती, पारेषण (म्हणजे मोठ्या मनोऱ्यांवरची वाहतूक) आणि वितरण. आपल्याकडे २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या, त्याचं मूळ यात आहे.

याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये ओपन अ‍ॅक्सेस आहे. वीज दुसऱ्या कुणाकडूनही घ्या, ती तुमच्या दारापर्यंत आणायला वितरण कंपनीची तार वापरा आणि त्या तारेचं भाडं भरा. जमिनीत दुसरी केबल टाकावी लागत नाही. १ मेगावॅटच्या वर मागणी असलेल्या सगळ्या ग्राहकांना हा हक्क द्यायलाच हवा, असं दुरुस्तीनं राज्यांच्या आयोगांवर बंधन घातलं आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ब्रिटननं १९९० साली बाजार खुला केला तेव्हा पहिली पायरी हीच, १ मेगावॅटची होती. चार वर्षांनी तिथे १०० किलोवॅटवाल्यांना मोकळीक मिळाली, आणि शतक संपता संपता घरगुती ग्राहकांनाही. आपल्याकडे १०० किलोवॅटची पायरी यायला २०२२ साल उजाडलं, तीही फक्त सौर-पवनसारख्या हरित विजेसाठी.

भाव ठरतो कसा

इंडियन एनर्जी एक्सचेंज, म्हणजे आयईएक्स, जून २००८ मध्ये सुरू झालं. आणखीही दोन एक्सचेंज आहेत, पण रोजच्या सौद्यांत आयईएक्सचाच दबदबा आहे. तिथला मुख्य सौदा 'डे अहेड', म्हणजे उद्याच्या विजेचा आजचा लिलाव.

दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. आज सकाळी १० ते दुपारी १२ या वेळात प्रत्येकानं आपली बोली टाकायची. उद्याच्या अमुक तुकड्यात मला इतके मेगावॅट हवेत, आणि जास्तीत जास्त इतका भाव देईन. विकणाराही तसंच सांगतो, किमान इतका भाव मिळाला तर इतकी वीज देईन. बोल्या बंद लिफाफ्यासारख्या असतात, कुणाला कुणाची दिसत नाही. संगणक विकणाऱ्यांना स्वस्तापासून महागाकडे लावतो, घेणाऱ्यांना महागापासून स्वस्ताकडे, आणि जिथे दोन रेषा एकमेकींना कापतात तो त्या तुकड्याचा भाव. मग सगळ्यांना तोच भाव. तुम्ही ७ रुपये बोललात आणि भाव ४ ठरला, तर तुम्हीही ४ च देता.

देशाचे बोलीसाठी विभाग पाडलेत. एका विभागातून दुसऱ्यात वीज नेणारी लाइन भरली, तर पुढच्या विभागाचा भाव वेगळा निघतो. म्हणजे बातमीत येणारा 'आजचा भाव' तुमच्या विभागाचा असेलच असं नाही.

शिवाय जून २०२० पासून 'रिअल टाइम' बाजारही आहे. तिथे दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, दिवसाला ४८. काल घेतलेला अंदाज आज चुकतोय असं दिसलं तर तिथे दुरुस्ती करता येते.

आता शेठच्या साडेतीन रुपयांकडे येऊ. दुपारी देशभरातल्या सौर प्रकल्पांची वीज एकदम बाजारात येते, भाव पडतो. सूर्य मावळला की तीच वीज गायब, घराघरांतले दिवे-पंखे सुरू, आणि भाव उसळतो. एकाच दिवशी दुपारी दोन-तीन रुपये आणि संध्याकाळी १० रुपये, हे चित्र आता नवं नाही. हा १० चा आकडाही बाजारानं ठरवलेला नाही. ती केंद्रीय वीज नियामक आयोगानं घातलेली मर्यादा आहे. आधी मर्यादा २० रुपयांची होती. मार्च २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, कोळसा कमी पडला आणि भाव त्या छताला जाऊन टेकला. मग आयोगानं एप्रिल २०२२ पासून छत १२ रुपयांवर आणलं आणि पुढच्या एप्रिलपासून १० वर.

म्हणून दिवसाची सरासरी हा फार फसवा आकडा आहे. तुमचा कारखाना दुपारी जोरात चालतो की संध्याकाळी, यावर तुमची सरासरी ठरते. शेठची भट्टी संध्याकाळी पेटायची.

साडेचार रुपयांचे नऊ रुपये होतात ते असे

आता मधली वाट. खालचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, खरे दर राज्य आयोगाच्या आदेशाप्रमाणे आणि तुमच्या जोडणीच्या व्होल्टेजप्रमाणे बदलतात. गणिताची रीत मात्र हीच.

समजा एक्सचेंजवर भाव मिळाला ४ रुपये. वाटेत तारा तापतात, वीज वाया जाते. पारेषण आणि वितरण मिळून १० टक्के तोटा धरला, तर दारात १ युनिट हवं असेल तर तिकडे १.११ युनिट विकत घ्यावं लागतं. झाले ४.४४ रुपये. पारेषण आकार ०.७०. वितरण कंपनीच्या तारेचं भाडं, म्हणजे बिलातला 'वहन आकार', ०.६०. एक्सचेंजची आणि दलालाची फी ०.०४. इथपर्यंत ५.७८. आता खरे दोन भिडू येतात: क्रॉस सबसिडी अधिभार १.६० आणि अतिरिक्त अधिभार १.३०. बेरीज ८.६८.

वितरण कंपनीकडून तेच युनिट घेतलं असतं तर वीज आकार ८.६० आणि वहन आकार ०.६०, एकूण ९.२०. म्हणजे युनिटमागे ५२ पैसे वाचले. मागणी आकार दोन्हीकडे भरायचाच असतो, कारण वितरण कंपनीची जोडणी तुम्ही सोडलेली नसते. वीज शुल्कही मी बाजूला ठेवलंय.

आता एक्सचेंजचा भाव ४ ऐवजी ४.६० धरा. तोटा धरून ५.११, वरचे आकार मिळवून ९.३५. म्हणजे १५ पैसे खड्ड्यात! या उदाहरणातली सीमारेषा निघते सुमारे ४.४६ रुपयांची. त्याखाली बाजार परवडतो, त्यावर नाही. प्रत्येक कारखान्याची अशी एक सीमारेषा असते आणि ओपन अ‍ॅक्सेसचा अर्ज भरण्याआधी ती काढलीच पाहिजे. मी बघितलेल्या निम्म्या प्रस्तावांत ती कुठेच लिहिलेली नसते. एक्सचेंजचा भाव आणि बिलातला दर शेजारी-शेजारी लावून 'निम्मी बचत' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

हे अधिभार कशाचे?

कारखानदारांना हे दोन अधिभार म्हणजे दंड वाटतात. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण त्यांच्यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण ते कारण आहे तोवर अधिभार जाणार नाहीत.

शेतीपंपाचा आणि गरीब घरांचा दर पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी ठेवलेला असतो. ती तूट बऱ्याच अंशी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून भरली जाते. हीच क्रॉस सबसिडी. मोठा कारखाना बाजारात गेला की त्याच्याकडून मिळणारा हा वाटा बुडतो, आणि उरलेल्यांवर भार वाढतो. उरलेल्यांत कोण? तर १ मेगावॅटपेक्षा लहान असलेले शेकडो वर्कशॉप. म्हणून जाणाऱ्याकडून तो वाटा अधिभार म्हणून वसूल करायचा. केंद्राच्या २०१६ च्या दर धोरणानं याला त्या वर्गाच्या दराच्या २० टक्क्यांची मर्यादा सुचवली आहे.

अतिरिक्त अधिभाराची गोष्ट वेगळी. तुमच्यासाठी म्हणून वितरण कंपनीनं वीज केंद्रांशी वीस-पंचवीस वर्षांचे करार करून ठेवलेत. वीज उचलो न उचलो, त्यातला स्थिर आकार तिला भरावाच लागतो. तुम्ही दुसरीकडून घ्यायला लागलात की ती क्षमता पडून राहते, पैसे मात्र जातात. असल्या कराराची कडू चव महाराष्ट्रानं दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पात घेतलीच आहे. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, भांडण याच स्थिर, डॉलरशी बांधलेल्या देण्यांवरून.

हे पटलं तरी एक प्रश्न उरतोच. वितरण कंपनीनं गरजेपेक्षा जास्त करार केले असतील, तर त्या चुकीची किंमत जाणाऱ्या ग्राहकानं का द्यावी? मला याचं समाधानकारक उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माझी चूक

शेठच्या फौंड्रीचा हिशोब मी मांडला आणि रात्रपाळीसाठी बाजारातून वीज घ्यायचं ठरलं. राज्य भार प्रेषण केंद्राची (ऐरोलीला आहे ते) परवानगी आली, १५-१५ मिनिटांची नोंद करणारं मीटर बसलं. पहिला महिना झकास गेला. मी जरा हवेतच होतो.

दुसऱ्या महिन्यात एके रात्री इंडक्शन भट्टीचं अस्तर फुटलं. भट्टी थंड करून, अस्तर काढून, नवं ठोकून पुन्हा तापवायला तीन दिवस जाणार होते. पण दुसऱ्या दिवसाची वीज दुपारीच लिलावात घेऊन झाली होती. डे अहेड बाजारात 'भट्टी फुटली' हे कारण चालत नाही. वीज वेळापत्रकाप्रमाणे आली, पैसे कापले गेले, आणि न वापरलेल्या युनिटांचे हातात जे आलं ते घेतलेल्या किमतीच्या मानानं चिल्लर होतं. शेठ एवढंच म्हणाले, "वीज घेतली का लॉटरीचं तिकीट?"

चूक माझी होती. मी पूर्ण भट्टीचा भार बाजारावर टाकला होता आणि बोलीही कितीही भावाला चालेल अशी लावली होती. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक, काहीही झालं तरी चालूच राहणारा पायाभूत भार, म्हणजे कॉम्प्रेसर, वाळूचा प्लांट, धूळ ओढणारे पंखे, तेवढाच बाजारातून. भट्टीचा चढउतार वितरण कंपनीच्या विजेवर. दोन, प्रत्येक तुकड्याला सीमारेषेच्या जरा खालचा भाव लिहायचा. वरच्या उदाहरणात ४.४० लिहाल. भाव त्याच्या वर गेला तर बोली आपोआप गळते आणि त्या १५ मिनिटांत तुम्ही नेहमीच्या विजेवर असता. बचत कमी झाली, पण शेठची झोप परत आली.

कॅप्टिव्हची वाट

अधिभारातून सुटायचा कायदेशीर मार्ग आहे: स्वतःची वीज स्वतः बनवणं. वीज नियम २००५ मधला नियम ३ सांगतो, की प्रकल्पात वापरकर्त्यांची किमान २६ टक्के मालकी असेल आणि वर्षभरात बनलेल्या विजेपैकी किमान ५१ टक्के ते वापरत असतील, तर तो 'कॅप्टिव्ह' प्रकल्प. कॅप्टिव्ह विजेवर क्रॉस सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये महावितरण विरुद्ध जेएसडब्ल्यू स्टील या प्रकरणात स्पष्ट केलं.

पाच-दहा कारखाने मिळूनही हे करू शकतात, त्याला ग्रुप कॅप्टिव्ह म्हणतात. आज एमआयडीसीतले बरेच उद्योजक लांबच्या कुठल्या तरी सौर प्रकल्पाचे भागधारक झालेत, ते सूर्यप्रेमापोटी नाही. वरच्या गणितातले १.६० आणि १.३० एकदम पुसले जातात, बचत तिथून येते.

पण ५१ टक्क्यांची अट दरवर्षी तपासली जाते, आणि ती एका वर्षी हुकली तर त्या वर्षाची सगळी वीज 'विकत घेतलेली' धरली जाते. म्हणजे वर्षभराचा अधिभार एकदम. शिवाय गटातल्या प्रत्येकानं आपल्या हिश्शाच्या प्रमाणात वीज वापरायची असते. शेजारच्या भागधारकाचा कारखाना मंदीत बंद पडला, तर त्याची झळ तुम्हालाही लागू शकते. भागीदार निवडताना सौर पॅनलच्या ब्रँडपेक्षा त्यांच्या ऑर्डरबुकची चौकशी करा, असं मी आवर्जून सांगतो.

आता गॅस

गॅसमध्ये नियामक वेगळा, पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ. त्याचा कायदा २००६ चा. इंडियन गॅस एक्सचेंज १५ जून २०२० ला सुरू झालं, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याला मंडळाची अधिकृत मान्यता मिळाली. सुरुवातीला दहेज, हजिरा आणि काकीनाडा या ठिकाणी गॅस हातात मिळायचा, पुढे ठिकाणं वाढली. सौदे सुरुवातीला एका दिवसापासून महिन्यापर्यंतचे होते, भाव रुपये प्रति एमएमबीटीयूमध्ये.

हे एकक डोक्यात बसवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं धूसर राहतं. एमएमबीटीयू हे उष्णतेचं माप. १ एमएमबीटीयू म्हणजे सुमारे २९३ युनिट विजेइतकी उष्णता, म्हणजे गॅसच्या प्रतीप्रमाणे साधारण २६ ते २८ घनमीटर गॅस. समजा गॅस १,२०० रुपयांना पडला, तर उष्णतेचं युनिट ४.१० रुपयांना. विजेच्या ९.२० समोर हे निम्म्याहून कमी दिसतं. पण गॅसच्या साध्या भट्टीत बरीच उष्णता धुराड्यातून जाते. कार्यक्षमता ४० टक्के धरली तर कामाला आलेलं युनिट १०.२५ ला पडतं. विजेची भट्टी ७५ टक्क्यांनी चालली तर १२.२७. फरक उरतोच, पण निम्म्याचा नाही. धुराड्यातली उष्णता परत वापरणारं रिक्युपरेटर बसवलं तर गॅस आणखी पुढे जातो. म्हणून कधी कधी मी भावावर घासाघीस करण्याआधी भट्टीचं धुराडं बघायला जातो.

आणखी एक खोच: उष्मांक 'ग्रॉस' की 'नेट'. एकाच गॅसच्या या दोन आकड्यांत सुमारे १० टक्के फरक असतो. एका पुरवठादाराचा भाव ग्रॉसवर आणि दुसऱ्याचा नेटवर असेल, तर तुम्ही आंबा आणि कोय एकाच काट्यावर तोलताय.

भाव कुठून येतो हेही बघू. ओएनजीसी, ऑइल इंडियाच्या जुन्या क्षेत्रांतला देशी गॅस सगळ्यात स्वस्त. एप्रिल २०२३ पासून त्याचा भाव भारत विकत घेतो त्या कच्च्या तेलाच्या किमतीच्या १० टक्के असा ठरतो, ४ डॉलरचा तळ आणि सुरुवातीला ६.५ डॉलरचं छत घालून. पण त्यावर पहिला हक्क घरगुती पाइप गॅसचा आणि सीएनजीचा. कारखान्याच्या वाट्याला मुख्यतः येतो तो जहाजातून द्रवरूपात आलेला एलएनजी. त्याचे दोन प्रकार: दीर्घ कराराचा आणि स्पॉट, म्हणजे त्या वेळच्या जागतिक भावानं घेतलेला. दीर्घ करारात भाव ब्रेंट तेलाच्या टक्केवारीत असतो. समजा १२ टक्के ठरले आणि तेल ७५ डॉलरवर असेल, तर गॅस ९ डॉलर. तेल चढलं की गॅस चढला, तुमच्या भट्टीचा त्यात काही दोष नसतो.

स्पॉटचं वागणं आणखी लहरी. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युरोपनं मिळेल त्या भावानं एलएनजीची जहाजं उचलली आणि आशियातले भाव कल्पनेपलीकडे गेले. त्याचा सगळ्यात बोलका परिणाम गुजरातेत मोरबीला दिसला. तिथला टाइल्सचा उद्योग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानं कोळशाचे गॅसिफायर बंद करून पाइपच्या गॅसवर आला होता. गॅस महागला तशा कित्येक कारखान्यांनी प्रोपेनच्या टाक्या बसवल्या. याला करांचीही फोडणी होती: नैसर्गिक गॅस अजून जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा व्हॅट कारखान्याला वळता करता येत नाही. प्रोपेनवरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र मिळतं. दोन इंधनांची तुलना करताना कर धरून आणि कर वजा करून, दोन्ही रकाने मांडा.

गॅसच्या दाराला कुलूप कुठे आहे

विजेत वाट मोकळी आहे, टोल जड आहे. गॅसमध्ये उलट. मोठ्या पाइपलाइनचा टोल तसा फार नाही. एप्रिल २०२३ पासून देशातल्या जोडलेल्या पाइपलाइनना अंतराच्या टप्प्यांवर आधारलेला एकच दर लागू झाला. पण लहान-मध्यम कारखान्याला त्या मोठ्या पाइपपर्यंत पोचताच येत नाही.

नियम असा, की दिवसाला ५० हजार घनमीटरपर्यंत गॅस लागणाऱ्या ग्राहकानं तो शहर गॅस वितरण कंपनीच्या जाळ्यातूनच घ्यायचा. ५० हजार ते १ लाखपर्यंत ग्राहकाला निवड आहे, आणि १ लाखाच्या वर थेट मोठ्या पाइपलाइनवरून. मध्यम आकाराच्या फोर्जिंगला किंवा फौंड्रीला दिवसाला काही हजार घनमीटर लागतात. म्हणजे एका भौगोलिक क्षेत्रात एक कंपनी, आणि तिचाच भाव. एक्सचेंजवर स्वस्त गॅस मिळाला तर तो ती कंपनी घेईल. तुमच्यापर्यंत तो स्वस्तपणा पोचवायचा की नाही, हे तिच्या धोरणावर.

मक्तेदारी कायमची नाही. विपणनाचा ठरावीक वर्षांचा एकाधिकार संपला, की त्या जाळ्यानं 'कॉमन कॅरिअर' व्हायचं, म्हणजे भाडं घेऊन दुसऱ्या विक्रेत्याचाही गॅस वाहून न्यायचा. कायद्यात हे लिहिलेलं आहे. पण प्रत्यक्षात ते कोर्टकज्ज्यांत अडकत आलंय, आणि आपल्या ओळखीच्या कुठल्या लहान उद्योगानं शहराच्या जाळ्यातून दुसऱ्याचा गॅस आणलाय, असं उदाहरण मी तरी अजून बघितलेलं नाही.

मोठ्या पाइपची गोष्ट तरी कुठे सरळ आहे? दाभोळला एलएनजी उतरवायचं टर्मिनल २०१३ पासून आहे, तिथून बंगळुरूकडे जाणारी गेलची पाइपलाइन कोल्हापूर, बेळगाव भागातून जाते. पण लाटा अडवणारा बांध पुरा झालेला नसल्यानं अनेक वर्षं ते टर्मिनल पावसाळ्यात बंद ठेवावं लागायचं. कागदावर क्षमता बारमाही, जहाजं आठमाही!

सही करायच्या आधी करारात काय वाचायचं

लहान ग्राहकाला भावावर फारसं बोलता येत नाही, पण करारावर येतं. गॅसच्या करारात एक कलम असतं, 'टेक ऑर पे'. घ्या, नाहीतर पैसे भरा. ठरलेल्या प्रमाणाच्या समजा ८० किंवा ९० टक्के गॅस उचललाच पाहिजे, कमी उचलला तरी तेवढं बिल येणार. ही टक्केवारी रोजची मोजतात, महिन्याची की तिमाहीची, हा प्रश्न आधी विचारा. रोजची असेल तर रविवारची सुट्टी, दिवाळीची भट्टीबंदी, लाइट गेली, सगळं तुमच्या अंगावर. तिमाहीची असेल तर एका आठवड्याची तूट पुढच्या आठवड्यात भरून निघते.

आणि हे कलम दगडावरची रेघ असतं असं समजू नका. पेट्रोनेटनं कतारशी केलेला दीर्घ करार तेलाच्या जुन्या सरासरीवर बांधलेला होता. २०१५ मध्ये स्पॉटचे भाव कोसळल्यावर भारतानं ठरल्यापेक्षा कमी गॅस उचलला, आणि वर्षाअखेरीस वाटाघाटी होऊन भावाचं सूत्र तीन महिन्यांच्या ब्रेंट सरासरीवर आलं, न उचललेल्या गॅसचा दंडही माफ झाला. अर्थात तिथे घेणारा देशातला सगळ्यात मोठा ग्राहक होता. तुमच्या माझ्या पातळीवर जमतं ते इतकंच: पाच-सहा शेजारी कारखान्यांनी एकत्र बसून एकच मसुदा वितरण कंपनीपुढे ठेवायचा. शेठच्या वसाहतीत असं एकदा झालं. भाव एक पैसाही हलला नाही, पण टेक ऑर पे रोजचं होतं ते महिन्याचं झालं, आणि वर्षातून भट्टीच्या अस्तराचे पंधरा दिवस त्यातून वगळले गेले. शेठना ते पंधरा दिवस भावातल्या सवलतीपेक्षा मोलाचे वाटले. अस्तर कधी फुटतं, ते त्यांना चांगलं माहीत आहे.